चाकावरची रोजी



सायकल ही वस्तू आपल्या इतकी अंगवळणी पडलेली आहे की तिच्यावरचे व्याख्यान ऐकण्यासाठी उन्हाळ्याच्या संध्याकाळी कोणी घराबाहेर पडेल, ही अपेक्षाच मुळी धाडसाची. तरी आपण आला आहात. तेव्हा आरंभीच एक खुलासा करतो. माझा विषय सायकल हा नाही. सायकल चालविणे हेच ज्यांचे पोटापाण्याचे काम झाले, किंवा व्हायला हवे होते आणि झाले नाही, अशा युरोप-अमेरिकेतील काही स्त्रियांच्या व्यवसायाचा हा इतिहास आहे. लांब पल्ल्याच्या शर्यती, घाट, पाऊस, ओबडधोबड दगडी रस्ते, हे सारे त्यात येईल. परंतु माझे खरे लक्ष आहे ते पगाराच्या कागदाकडे.

या विषयाची एक सोपी कथा नेहमी सांगितली जाते. पूर्वी लोक स्त्रीला दुबळी समजत. मग काही धाडसी स्त्रियांनी आपले सामर्थ्य सिद्ध केले. लोकांचे डोळे उघडले आणि दारे मोकळी झाली. कथा ऐकायला गोड आहे, पण साधी सनावळी मांडली तरी ती टिकत नाही. सामर्थ्याचा पुरावा फार लवकर मिळाला होता. वेतन मात्र फार उशिरा आले. आणि या दोहोंमधला काळ थोडाथोडका नव्हे, जवळजवळ शंभर वर्षांचा आहे. तो इतका लांबला का, हा आजचा प्रश्न.

अगदी प्रारंभापासून पाहिले तर स्त्रिया या खेळात आहेतच. फ्रान्समध्ये बोर्दो शहरी १ नोव्हेंबर १८६८ रोजी स्त्रियांची शर्यत झाली. पुढल्याच वर्षी पॅरिसपासून रूआंपर्यंत गावोगाव जोडणारी पहिली मोठी रस्त्यावरची शर्यत भरली, तीत 'मिस अमेरिका' असे टोपणनाव घेतलेली एक स्त्री एकोणतिसावी आली. त्या वेळच्या सायकलींना रबरी हवेचे टायर नव्हते, साखळी नव्हती, आणि पॅडल थेट पुढच्या चाकालाच बसविलेले असे. तीवर बसून १२३ किलोमीटर जाणे म्हणजे काय, हे ज्याने खडीच्या रस्त्यावरून बैलगाडीचा प्रवास केला असेल त्यानेच समजून घ्यावे.

पुढे १८९४ साली बॉस्टनहून ॲनी कोहेन कॉपचॉव्हस्की नावाच्या बाई जगप्रदक्षिणेस निघाल्या. घरी नवरा आणि तीन लहान मुले. ही काही शर्यत नव्हती, आणि बाईंनी प्रवासाचा बराचसा भाग आगबोटीने केला, अशी टीकाही झाली. पण माझ्या विषयाच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व निराळे आहे. लंडनडेरी नावाच्या झऱ्याचे पाणी विकणाऱ्या एका कंपनीने त्यांना शंभर डॉलर दिले. मोबदल्यात बाईंनी कंपनीची पाटी सायकलीला लावली आणि स्वतःचे आडनावच बदलून ॲनी लंडनडेरी असे करून टाकले. आज युरोपातले सायकलसंघ बँकांची, विमा कंपन्यांची, कॉफीच्या छापांची नावे धारण करतात, याचे आपल्याला नवल वाटते. ती रीत इतकी जुनी आहे. आपल्याकडे लग्नात नाव बदलण्याची चाल होतीच. ॲनीबाईंनी ते निदान रोख रक्कम घेऊन बदलले.

आता मी जरा रेंगाळणार आहे ते आल्फोन्सिना स्ट्राडा यांच्यापाशी. कारण या व्यवसायाचे सगळे गुणदोष त्यांच्या एकट्या आयुष्यात दिसतात. उत्तर इटलीतील कास्तेलफ्रांको एमिलियाजवळच्या एका गरीब कुटुंबात १८९१ साली त्यांचा जन्म झाला. १९१५ साली लुईजी स्ट्राडा यांच्याशी लग्न झाले, तेव्हा नवऱ्याने भेट दिली ती शर्यतीची सायकल. १९१७ मध्ये लोंबार्दीची प्रसिद्ध शर्यत त्या पुरुषांबरोबर धावल्या. प्रवेश मिळाला कसा? महायुद्ध चालू होते, बहुतेक तरुण आघाडीवर होते आणि शर्यतीला माणसे कमी पडत होती. पहिल्या वर्षी त्या शेवटच्या आल्या, पण पोचल्या. दुसऱ्या वर्षी पुन्हा धावल्या आणि पुन्हा पोचल्या.

खरी कसोटी आली १९२४ साली. 'जिरो द इतालिया' ही संपूर्ण इटली फिरून येणारी शर्यत. त्या वर्षी मोठ्या कारखान्यांच्या संघांनी, आम्ही हजेरी लावावी तर त्याचा मोबदला द्या, अशी मागणी केली. आयोजक होते 'गाझेत्ता देल्लो स्पोर्त' हे वृत्तपत्र. त्यांनी ती नाकारली. जिरार्देन्गो यांच्यासारखे नामवंत बाजूला राहिले. शर्यत ओस पडू नये म्हणून आयोजकांनी एकेकट्या सायकलपटूंना दार उघडले आणि त्यांच्या जेवणाखाणाची, राहण्याची व्यवस्था स्वतःकडे घेतली. या संधीचा लाभ स्ट्राडाबाईंनी घेतला. छापील यादीत त्यांच्या नावाचे शेवटचे अक्षर गळाले आणि 'आल्फोन्सिन' असे पुरुषाचे वाटावे असे नाव तयार झाले. ही चूक होती की युक्ती, यावर इटलीत पुष्कळ शाई खर्च झाली आहे.

श्रोतेहो, क्षणभर थांबून ही गोष्ट ध्यानात घ्या. पुरुषांच्या दीर्घ शर्यतीत पहिली स्त्री शिरली ती कोणाच्या उदारमताने नव्हे. एकदा युद्धामुळे माणसे नव्हती म्हणून, आणि दुसऱ्यांदा पैशावरून संप झाला म्हणून. गिरणीतल्या संपाच्या वेळी बाहेरून आणलेल्या बदली कामगारांना आपल्याकडे काय म्हणत, ते येथे उच्चारण्याची गरज नाही. पण व्यवसायाच्या दृष्टीने बाईंची जागा नेमकी तीच होती. त्यात त्यांचा दोष नव्हता. भरलेल्या ताटावर त्यांना कोणी बोलावलेच नव्हते.

शर्यत ३,६१३ किलोमीटरांची, बारा टप्प्यांची. म्हणजे एकेक टप्पा सरासरीने तीनशे किलोमीटर. आपल्या हिशेबाने पुण्याहून मुंबईला जाऊन परत पुण्याला यायचे, आणि तेही कच्च्या रस्त्याने, एका दिवसात. एक दिवस विश्रांती घेऊन पुन्हा तेच. पंक्चर झाले तर स्वतः काढायचे. पहिल्या टप्प्यांत बाई वेळेत पोचत होत्या, आणि त्यांच्या मागे राहिलेले पुरुषही होते. लाक्विलाहून पेरुजाला जाताना वादळी पावसाने गाठले. त्या अनेकदा पडल्या. हँडल मोडले तेव्हा एका शेतकरणीने दिलेल्या झाडूच्या दांड्याचा तुकडा बांधून त्यांनी सायकल पुढे रेटली, असे सांगतात. मुक्कामाला पोचेपर्यंत ठरलेली मुदत टळून गेली होती.

नियमाप्रमाणे त्या बाद झाल्या. पण संपादक एमिलिओ कोलोंबो यांना ठाऊक होते की नामवंतांच्या गैरहजेरीत लोक रस्त्यावर जमत होते ते या बाईंना पाहायला. तोड निघाली ती अशी : बाईंनी शर्यत चालू ठेवावी, त्यांचा खर्च आयोजकांनी करावा, मात्र निकालात त्यांचे नाव धरू नये. याला मी व्यवहारातली लबाडी म्हणतो. खेळ दाखवा, पण खेळाडू म्हणून नोंद मागू नका! बाईंनी ते मान्य केले. ४१५ किलोमीटरांच्या फ्यूमेच्या टप्प्यानंतर लोकांनी त्यांना खांद्यावर घेतले. आणि त्या मिलानला पोचल्या. निघाले होते ९०, अधिकृत निकालात पोचले ३०. स्ट्राडाबाई या तिसांच्या बाहेर, पण उरलेल्या एकोणसाठांच्या पुढे.

लोकांनी वर्गणी जमवून त्यांना पैसे दिले. त्यांचा नवरा वेड्यांच्या इस्पितळात होता. तो पैसा कुठे गेला हे यावरून समजावे. पुढल्या वर्षांच्या जिरोत त्यांना प्रवेश नाकारण्यात आला. कारण उघड आहे. नामवंत परत आले होते. उरलेल्या आयुष्यात बाईंनी सर्कशीत सायकलीचे खेळ केले, प्रदर्शनी शर्यती धावल्या, १९३८ साली पॅरिसजवळ तासाभरात ३५ किलोमीटरांहून अधिक अंतर तोडण्याचा विक्रम केला, आणि शेवटी मिलानमध्ये सायकलीचे दुकान चालविले. १९५९ साली त्या वारल्या. स्त्रियांसाठी वेगळी इटलीची शर्यत सुरू झाली ती १९८८ साली.

वर्गणी, सर्कस आणि दुकान ही व्यावसायिक स्त्री-सायकलपटूची पहिली तीन उत्पन्नाची साधने. पगार हे चौथे. तो पाहण्यासाठी आपल्याला इंग्लंडात जावे लागते.

बर्मिंगहॅमच्या हर्क्युलिस कंपनीचे नाव आपल्या वडीलधाऱ्यांना नवे नाही. त्या छापाच्या सायकली पुढे मद्रासेतही तयार होऊ लागल्या. या कंपनीने १९५१ साली कॉव्हेंट्रीच्या आयलीन शेरिडन यांच्याशी तीन वर्षांचा करार केला. शेरिडनबाईंची उंची चार फूट अकरा इंच. एका मुलाची आई. काम असे की इंग्लंडातील गावांमधली ठरलेली अंतरे घड्याळ लावून एकटीने तोडायची, आधीचा विक्रम मोडायचा, आणि दुसऱ्या दिवशीच्या जाहिरातीत बाई हर्क्युलिसवर बसलेल्या दिसल्या पाहिजेत. त्या वेळी स्त्रियांच्या रस्त्यावरील विक्रमांची जी यादी होती, तीत एकवीस विक्रम होते. बाईंनी एकवीसच्या एकवीस मोडले.

त्यांतला मोठा विक्रम १९५४ सालचा. इंग्लंडचे नैर्ऋत्य टोक लँड्स एंड, स्कॉटलंडचे ईशान्य टोक जॉन ओग्रोट्स. मधले अंतर सुमारे ८७० मैल. शेरिडनबाई ते २ दिवस ११ तास ७ मिनिटांत गेल्या. झोप जवळजवळ नाहीच. थंडीने आणि धक्क्यांनी तळहातांना इतके फोड आले की हँडलवर स्पंज गुंडाळावा लागला. त्या टोकाला पोचल्यावर दोन तासांहून कमी विश्रांती घेऊन त्या पुन्हा निघाल्या, कारण हजार मैलांचा विक्रमही यादीत होता. रात्रीच्या त्या शेवटच्या मैलांत त्यांना रस्त्यावर नसलेली माणसे दिसू लागली, असे त्यांनीच पुढे सांगितले. ३ दिवस १ तास झाला तेव्हा हजार मैल पुरे झाले. लँड्स एंडपासूनचा विक्रम १९९० सालापर्यंत टिकला, आणि हजार मैलांचा विक्रम या शतकाच्या आरंभापर्यंत.

आता कराराचा कागद पाहा. बाईंना पगार होता, मदतीला मोटार आणि माणसे होती. पण त्यांना प्रतिस्पर्धी नव्हता! व्यावसायिक स्त्रिया हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यांची आपसात शर्यत लावायला संस्था नव्हती, आणि हौशी स्त्रियांच्या शर्यतीत व्यावसायिकाला त्या काळच्या नियमांनी मज्जाव. एकदा पगाराच्या कागदावर सही केली की हौशी जगाचे दार कायमचे बंद. मग उरते कोण? घड्याळ. तीन वर्षांत घड्याळाला हरवून झाले, मोडण्यासारखे काही उरले नाही, आणि करार संपला. बाई २०२३ साली नव्याण्णव वर्षांच्या होऊन वारल्या.

याचे दुसरे टोक यॉर्कशरच्या बेरिल बर्टन. त्यांनी उलट रस्ता धरला. रॅले कंपनीने त्यांना व्यावसायिक होण्याबद्दल विचारले, त्यांनी नकार दिला आणि जन्मभर हौशी राहिल्या. दिवसा रूबार्ब नावाच्या भाजीच्या मळ्यात मजुरी, संध्याकाळी सायकल, नवरा चार्ली मोटार हाकणार आणि बाटल्या भरणार. दोनदा रस्त्यावरचे आणि पाच वेळा बंदिस्त धावपट्टीवरचे जगज्जेतेपद. इंग्लंडातील सर्वोत्तम स्त्री-सायकलपटू हा मान सलग पंचवीस वर्षे. सप्टेंबर १९६७ मध्ये बारा तासांच्या एका शर्यतीत त्यांनी २७७.२५ मैल अंतर तोडले. त्याच दिवशी त्याच रस्त्यावर माइक मॅकनमारा यांनी पुरुषांचा नवा विक्रम केला, तो २७६.५२ मैलांचा. त्यांना मागे टाकून पुढे जाताना बाईंनी खिशातून एक गोळी काढून त्यांच्या हाती ठेवली, ही गोष्ट इंग्लंडात पोरासोरांना पाठ आहे. बर्टनबाईंचा तो आकडा पुढे दोन वर्षे पुरुषांनाही गाठता आला नाही, आणि स्त्रियांत तो २०१७ सालापर्यंत अबाधित राहिला.

सामर्थ्याचा पुरावा म्हणतात तो याहून आणखी कोणता हवा? तो १९६७ साली हाती आला होता, आणि तरी पुढल्या वर्षी कोणी स्त्रियांचा पगारी संघ उभारला नाही. म्हणून मी म्हणालो की ती गोड कथा खरी नाही.

आता 'संघ' या शब्दाकडे वळतो, कारण सगळी गाठ तेथे आहे. सायकलीची शर्यत दूरून पाहणाऱ्याला ती एकेकट्याची वाटते. पहिला येतो तो एकच. वस्तुतः लांब रस्त्यावरचा खरा शत्रू वारा आहे. पुढची स्वार वारा कापते, आणि तिच्या चाकाला चाक लावून मागे चालणारीचे कष्ट पाव ते एक-तृतीयांश हिश्शाने कमी होतात. यातून या खेळाचे सारे राजकारण निर्माण झाले. संघातल्या एकीने जिंकायचे. उरलेल्यांनी तिला दिवसभर वाऱ्याआड ठेवायचे. मागून येणाऱ्या मोटारीपर्यंत मागे जायचे, पाण्याच्या सहा-आठ बाटल्या सदऱ्याच्या पाठीमागच्या खिशांत आणि सदऱ्याच्या आत कोंबायच्या, आणि तेवढ्या ओझ्यासकट घोळका पुन्हा गाठून प्रत्येकीच्या हातात एकेक द्यायची. नायिकेचे चाक पंक्चर झाले तर आपले काढून द्यायचे. परक्या संघातली कोणी निसटली तर जीव तोडून तिचा पाठलाग करायचा, आणि घाट सुरू झाला, पायांत काही उरले नाही, की मागे पडायचे. निकालाच्या कागदावर हिचे नाव साठावे किंवा ऐंशीवे.

अशा सहकाऱ्याला फ्रेंच भाषेत 'दोमेस्तीक' म्हणतात. सरळ मराठीत, घरगडी. १९११ साली 'तूर द फ्रान्स'चे संस्थापक आंरी देग्रांज यांनी मॉरिस ब्रोको या सायकलपटूला हिणवण्यासाठी तो शब्द वापरला, आणि पुढे तोच बिनहिणकस झाला. घरकामातून सुटण्यासाठी ज्या स्त्रियांनी सायकल हाती घेतली, त्यांच्या व्यवसायातले सर्वांत सन्मान्य पद हे घरगड्याचे निघावे, ही भाषेची थट्टा मला नेहमी अस्वस्थ करते.

पण मुद्दा वेगळा आहे. दुसरीच्या विजयासाठी आपले पाय झिजवायला माणूस कशाच्या बळावर तयार होईल? देशप्रेमाच्या बळावर वर्षातून एक दिवस होईल. मैत्रीखातर एक हंगाम होईल. वर्षानुवर्षे व्हायचे तर महिन्याच्या पहिल्या तारखेला काही हाती पडले पाहिजे. म्हणजे रस्त्यावरची शर्यत ज्या अर्थाने सांघिक खेळ आहे, त्या अर्थाने पगार हा तिचा अलंकार नसून पाया आहे. पगार नसेल तेथे शेरिडन निपजतील, बर्टन निपजतील, एकट्याने घड्याळाशी झुंजणाऱ्या असामान्य स्त्रिया निपजतील. संघ निपजणार नाही. शंभर वर्षांचा विलंब झाला तो या ठिकाणी.

याला एक गमतीदार अपवाद आठवतो, तो सांगून पुढे जातो. टोकियोच्या ऑलिंपिक शर्यतीत, जुलै २०२१ मध्ये, ॲना कीसेनहोफर ही ऑस्ट्रियाची गणितज्ञ स्त्री आरंभीच निसटली आणि शेवटपर्यंत कोणाच्या हाती लागली नाही. त्या वेळी तिचा कोणत्याही व्यावसायिक संघाशी करार नव्हता. नेदरलँड्सच्या चौघी जगातल्या सर्वांत बलाढ्य. पण ऑलिंपिकमध्ये कानात बिनतारी यंत्र लावण्याची मुभा नसते, आणि पुढे एकजण अजून उरली आहे हे त्यांना कळलेच नाही. आनेमीक फान व्ह्लूटेन दुसरी आली आणि आपणच जिंकलो म्हणून दोन्ही हात उंचावले.

स्त्रियांच्या जगज्जेतेपदाची रस्त्यावरची शर्यत १९५८ साली फ्रान्समध्ये रँस येथे सुरू झाली; लक्झेंबर्गच्या एल्सी याकोब्स पहिल्या विजेत्या. ऑलिंपिकला मात्र १९८४ साल उजाडावे लागले. त्याच वर्षी फ्रान्सप्रदक्षिणेच्या आयोजकांनी स्त्रियांचीही शर्यत भरविली. अठरा टप्पे, त्या त्या दिवशी पुरुषांच्याच मार्गाचा अखेरचा भाग, आणि पुरुष येण्याच्या आधी काही तास पोचायचे, म्हणजे रस्त्याकडेला जमलेल्या गर्दीलाही काही विरंगुळा. धावणाऱ्या अवघ्या ३६. त्या राष्ट्रांच्या नावाने आल्या होत्या, कारण पगारी संघ जवळजवळ नव्हतेच. एवढ्या दीर्घ शर्यती स्त्रियांच्या प्रकृतीला सोसवणार नाहीत, असे भाकीत करणारे होतेच. ३६ पैकी ३५ जणी पॅरिसला पोचल्या. अमेरिकेच्या मारियान मार्टिन जिंकल्या. पुरुषांतले विजेते लोराँ फिन्यों यांच्या शेजारी त्या उभ्या राहिल्या. फिन्यों यांना एक लाख डॉलरांहून अधिक मिळाले. मार्टिनबाईंना सुमारे एक हजार आणि एक करंडक, आणि ते हजारही रीतीप्रमाणे सहकाऱ्यांत वाटले गेले. ती शर्यत १९८९ नंतर बंद पडली. निराळ्या आयोजकांनी निराळ्या नावाने ती पुढे चालविली, पण ती दरवर्षी आक्रसत गेली. २००९ साली उरले चार दिवस, आणि मग तेही नाही.

या मधल्या काळातल्या स्त्री-सायकलपटूचे आयुष्य कसे होते, ते वेल्सच्या निकोल कुक यांनी २०१३ च्या जानेवारीत निवृत्त होताना जाहीरपणे सांगितले. एकाच वर्षी, २००८ साली, ऑलिंपिक आणि जगज्जेतेपद दोन्ही मिळविणाऱ्या त्या पहिल्याच. त्यांनीही ठरलेले पगार बुडाल्याचे अनुभव सांगितले, आणि आपल्या हक्काच्या पैशासाठी त्यांना कायद्याचा आधार घ्यावा लागला. जगज्जेतीची ही कथा. मग बाटल्या वाहणारीला कोण विचारतो? संघाचा करार बहुधा एका वर्षाचा. आश्रय देणाऱ्या कंपनीने डिसेंबरात हात आखडला की जानेवारीत संघच नाही. पुष्कळ जणी सकाळी सराव करीत आणि उरलेल्या दिवसात कुठे शिकवीत, कुठे दुकानात उभ्या राहत. काही संघांत पगार नव्हता, उलट सायकल बिघडली तर दुरुस्ती पदरची. २०२३ सालीदेखील स्पेनमध्ये नोंदलेल्या एका संघाने हंगामाच्या पहिल्याच महिन्यांत पगार थकविले आणि सायकलपटू एकेक करून निघून गेल्या.

या अवस्थेतून बाहेर काढणारी गोष्ट विक्रम नव्हती. ती होती संघटना. २०१३ साली एमा पूली, मारियान फोस, कॅथरिन बर्टीन आणि क्रिसी वेलिंग्टन यांनी फ्रान्सप्रदक्षिणा स्त्रियांनाही खुली करावी म्हणून सह्यांचा अर्ज काढला. पुढल्या वर्षी पॅरिसमध्ये एका दिवसाची शर्यत मिळाली. २०१७ च्या अखेरीस नेदरलँड्सच्या ईरिस स्लापेंडेल आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी 'सायक्लिस्ट्स अलायन्स' ही सायकलपटूंची युनियन स्थापन केली. करार वाचून दाखविणे, थकलेला पगार मागणे, वकील मिळवून देणे, अशी रुक्ष कामे या युनियनने केली. इतिहासात या रुक्ष कामांना पुतळे मिळत नाहीत. पण २०२० साली आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने वरिष्ठ श्रेणीच्या स्त्री-संघांत किमान वेतन सक्तीचे केले, ते या पार्श्वभूमीवर. पहिल्या वर्षी १५,००० युरो, मग २०,०००. २०२२ मध्ये २७,५००. २०२३ मध्ये ३२,१०२. त्याच नियमांत बाळंतपणाच्या रजेचे कलम आले : तीन महिने पूर्ण पगार, पुढे पाच महिने अर्धा.

या कलमाचा अर्थ एका उदाहरणाने सांगतो. लिझी डिग्नन या ऑट्लीच्या, म्हणजे बर्टनबाईंच्याच यॉर्कशरच्या. २०१५ च्या जगज्जेत्या. त्यांना २०१८ साली मुलगी झाली. तेव्हा नियम नव्हता. परंतु नव्याने उभ्या राहिलेल्या एका संघाने त्या गरोदर असतानाच त्यांच्याशी करार केला. तीन वर्षांनी, २ ऑक्टोबर २०२१ रोजी, पॅरिस–रूबे ही शर्यत प्रथमच स्त्रियांसाठी भरली. पुरुषांची ही शर्यत १८९६ पासूनची. स्त्रियांना १२५ वर्षे थांबावे लागले. उत्तर फ्रान्समधले शेतांतून जाणारे जुने दगडी रस्ते, दोन दगडांमध्ये बोटभर फट, आणि त्या दिवशी पावसाने सगळा चिखल. ११६ किलोमीटरांपैकी ८२ उरले असतानाच डिग्ननबाई एकट्या पुढे निघाल्या. मागे त्यांच्या संघाच्या इतर जणी घोळक्यात बसून पाठलाग मंदावीत होत्या; याचा पगार मिळतो, तो असा. मागचे चाक दगडावरून घसरे, आणि त्या दर वेळी ते सावरीत. हातमोजे घातले नव्हते. रूबेच्या धावपट्टीवर त्या शिरल्या तेव्हा हँडलला गुंडाळलेली पांढरी पट्टी रक्ताने माखली होती. मला त्या क्षणी शेरिडनबाईंचे फोड आलेले तळहात आठवले.

बक्षीस १,५३५ युरो. दुसऱ्या दिवशी पुरुषांच्या विजेत्याला ३०,०००. फरकाची भरपाई त्यांच्या संघाने स्वतःच्या पदरची केली.

२०२२ च्या जुलैत स्त्रियांची फ्रान्सप्रदक्षिणा परत आली. आयफेल मनोऱ्यापासून व्होज पर्वतातल्या शिखरापर्यंत, आठ टप्पे. टोकियोला फसगत झालेल्या फान व्ह्लूटेन जिंकल्या. त्यांना ५०,००० युरो मिळाले. आरंभरेषेवर सहा-सहा जणींचे चोवीस संघ, एकूण १४४ स्त्रिया. त्यांपैकी चौदा संघ वरिष्ठ श्रेणीचे, म्हणजे किमान वेतनाच्या नियमात बसणारे. उरलेल्या दहा संघांना तो नियम लागू नव्हता.